उलटा ठसा

१

कागद शटरवर डकवला होता, तोही वाकडा. सकाळी हे पुढे आणि किल्ल्या घेऊन मी मागे, अशी आमची रोजची वरात दुकानावर यायची. त्या दिवशी हे शटरपाशी थांबले ते थांबलेच. मला वाटलं, कुणी नाटकाची जाहिरात चिकटवली असेल आणि हे मनातल्या मनात त्याचा उद्धार करत असतील. पण ह्यांची मान घामाने ओली झालेली दिसली, आणि हवा तर चांगली गार होती.

जप्तीची नोटीस होती. धंद्यावरचा तीन वर्षांचा कर थकला आहे, बँकेतलं खातं गोठवलं आहे, पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी खुलासा न आल्यास यंत्रं, माल आणि गाळा सरकारजमा होईल.

"पण आपण तर कर भरलाय," मी म्हटलं.

"भरलाय ना." ह्यांनी किल्ली उलटीच घातली कुलपात. "सगळ्या पावत्या आहेत. डब्यात आहेत."

आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. आता यंत्रात नाव टाकलं की चहा निवायच्या आत शिक्का हातात येतो, त्यामुळे तेव्हाची उस्तवार सांगून कुणाला खरी वाटणार नाही. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवून प्रेसमध्ये भाजायचं, मग कापून लाकडी मुठीला चिकटवायचं. मुठीच्या वरच्या बाजूला एक पितळी टिकली ठोकायची, म्हणजे वापरणाऱ्याला वर कुठलं, खाली कुठलं ते बोटाला कळतं. भाजलेल्या रबराचा वास माझ्या साड्यांतून कधी गेला नाही. लग्नाकार्यात मी मागून आले तरी बायका म्हणायच्या, "आल्या शिक्केवाल्या."

कामाला तिघे होते. हे, माझे धाकटे दीर आणि मौनीबाबा. मौनीबाबा सासऱ्यांच्या वेळचे कारागीर. दिवसाला दोन वाक्यं बोलले तर आम्ही तारखेवर खूण करायचो. शिक्क्यावरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, आणि ती ह्या तिघांना सुलट्याइतकीच सहज वाचता यायची. भाऊजी तर वर्तमानपत्र उजेडाकडे धरून पाठीमागून वाचून दाखवायचे आणि माझ्या छकुलीकडून टाळ्या घ्यायचे.

हे पावत्यांचा डबा घेऊन कर कार्यालयात गेले. मीही गेले. ह्यांनी डबा छातीशी असा आवळून धरला होता, की तो काचेचा नसला तरी मला फुटेलसं वाटत होतं.

वसुली अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी पावत्या पाहिल्या, बँकेला फोन लावला, बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं. मग पावत्या नीट एकावर एक रचून आमच्याकडे सरकवल्या.

"पैसे बँकेत आलेलेच नाहीत. पावत्या बँकेने दिलेल्या नाहीत. ह्यांच्यावरचा बँकेचा शिक्का खोटा आहे."

अधिकाऱ्यांनी आमची फाइल पुन्हा उघडली, वरची ओळ वाचली आणि मान वर केली.

"तुमचा धंदा कसला म्हणालात?"

२

मोठ्या वन्सं दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर. माझी ही नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. कानाला यंत्र लावून तारा जोडण्यात हयात गेली तिची. "चेहरा खोटं बोलतो गं, आवाजाला ते जमत नाही," असं म्हणायची. बाई कडक. ह्यांना अजून 'बाळ्या' म्हणायची, तेही गिऱ्हाइकांसमोर.

"बाळ्या, रड नंतर. आधी सांग, पैसे कुणाच्या हातातून गेले?"

ह्यांनी सांगितलं. कर भरायची वेळ आली की हे रोख रक्कम पाकिटात घालून भाऊजींकडे द्यायचे. भाऊजी ते सल्लागाराच्या ऑफिसात न्यायचे. भाऊजी आजारी असले की मौनीबाबा जायचे. दोन दिवसांनी पावती यायची.

सल्लागार म्हणजे ह्यांचा शाळेतला बाकावरचा सोबती. आमचा कर तोच पाहायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा नाही. "मित्राकडून फी घेऊ? मग चहा कुणाचा पिऊ?" म्हणायचा. दर रविवारी घरी यायचा, छकुलीशी बँक-बँक खेळायचा. ती मॅनेजर, हा कर्जबुडवा गिऱ्हाईक. जेवणाच्या टेबलाखाली तिची बँक होती आणि तिथे हा गुडघे दुमडून बसायचा.

"आणि ह्याआधीच्या नोटिसा?" वन्संनी विचारलं. "एकदम कुणी जप्ती आणत नाही."

"तीन गेल्या म्हणतात. फाइलीत पत्ता त्याच्या ऑफिसचा आहे."

वन्संनी त्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याचाच चेहरा इतका उतरला होता की मी आधी त्याला पाणी दिलं.

"ताई, मी नुसतं चलन भरून द्यायचो. रोख पैशाला मी हात लावत नाही, धंद्याचा नियमच आहे माझा. चलन आणि पाकीट दोन्ही धाकटाच बँकेत न्यायचा. नोटिसा आल्या तशा मी त्याच्याच हाती दिल्या. मला वाटलं, तुम्ही बघताय." मग आवाज खाली आला. "वहिनी, मला बोलवत नाही. पण त्याचे नवे बूट बघितलेत?"

मी बघितले होते. केसांना लावायचं वासाचं तेलही.

भाऊजींना विचारलं तर ते उसळलेच. "मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवायचो! बँकेची पायरी चढलो नाही कधी! नोटीस कशी असते ते परवा शटरवर पाहिलं!"

"पाकीट ठेवायला किती वेळ लागतो रे?" वन्संनी शांतपणे विचारलं. "तू त्या ऑफिसात गेलास की दुपार घालवून येतोस, असं ऐकते."

भाऊजी लाल झाले. "ते माझं मी बघीन, ताई."

"बघ हो. तुरुंगाला खिडकी असते, तिथून बघ."

मौनीबाबांना विचारलं. त्यांनी हात पुसले, वन्संकडे पाहिलं आणि पुन्हा प्रेसकडे वळले. त्या माणसाने काही न बोलण्याची मला सवय होती. पण त्या दिवशी त्यांनी माझी नजर चुकवली.

तेवढ्यात कर कार्यालयातून निरोप आला. खुलासा मुदतीत द्या, आणि शिक्का कोणी वापरला ते त्यात लिहा. नाहीतर बनावट शिक्क्याची फिर्याद दुकानाच्या मालकावर होईल.

मालक म्हणजे हे.

३

त्या दिवसांत घरातलं प्रत्येक भांडं आवाज करत होतं. फोन वाजला की हे उठून उभे राहायचे आणि मग तो मलाच घ्यायला लावायचे. जेवताना तिघे पुरुष तीन दिशांना पाहायचे. छकुलीने एकदा विचारलं, "बाबा, आपलं दुकान कोण नेणार? ते जड आहे ना?" ह्यांनी तिला जवळ घेतलं आणि घास तसाच ठेवून उठले.

वन्संनी सगळ्या पावत्या दुकानातल्या मोठ्या टेबलावर मांडल्या. शेजारी स्वतःच्या निवृत्तिवेतनाची बँकेची चिठ्ठी ठेवली. शाखा तीच, आणि त्यावरचा शिक्का अस्सल.

"भिंग दे, बाळ्या. आणि ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे."

हे वाकले. बराच वेळ एका ठशावरून दुसऱ्यावर जात राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"ताई, हा आपलाच आहे."

"कशावरून?"

"गोलात हे अक्षर बघ, याचा पाय तुटका आहे. आपल्या खिळ्यांच्या खणात ते एकच तसं होतं, बाबांच्या वेळचं. खऱ्या शिक्क्यातही तेच आहे, कारण बँकेचा शिक्का आपणच करून दिलाय, रीतसर पत्र घेऊन. आणि ह्या खोट्यातही..." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा ह्याच दुकानात बनलाय."

म्हणजे बाहेरचा कुणी नव्हे. तिघांतला एक.

"फरक काहीच नाही?" वन्संनी विचारलं.

"आहे. खोट्यात कडेला पांढरा ठिपका आहे. प्रत्येक पावतीवर, त्याच जागी. रबर भाजताना हवा राहिली की फोड येतो, तिथे शाई लागत नाही. असा माल आम्ही देत नाही. बाबांचा नियम होता, फसलेलं रबर सुरीने आडवं-उभं कापायचं, मगच टाकायचं."

"मौनीबाबा," वन्सं वळून म्हणाल्या, "बँकेचा शिक्का करताना पहिलं रबर फसलं होतं का?"

मौनीबाबांनी मान डोलावली.

"कापलंत?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. भाऊजी दारात येऊन थांबले होते. मौनीबाबांचे ओठ दोनदा हलले आणि मग एकच शब्द बाहेर आला.

"छकुली."

४

भाऊजी आणि हे एकदमच बोलायला लागले. वन्संनी दोघांनाही बाहेर पिटाळलं. "तू चहा सांग. तू तो प्यायला त्याच्याबरोबर जा. आणि परत येऊ नका मी बोलवेपर्यंत."

मग मौनीबाबा आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण करते झाले. छकुली त्या दिवशी दुकानात रडत होती. बँक आहे, पण बँकेचा शिक्का नाही. फसलेलं रबर टेबलावर पडलेलं. मौनीबाबांनी दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळावर ते चिकटवलं आणि दिलं तिला. माझ्याच शिवणाच्या डब्यातलं रीळ.

"खेळणं होतं, वहिनी," ते म्हणाले. "पोरीचं हसू बघून कापायचं राहिलं."

शिक्केवाल्यांच्या घरात ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. दुसऱ्यांची मुलं लाकडाच्या गाड्या खेळतात, आमची शिक्के खेळायची. वन्सं आणि हेसुद्धा लहानपणी तेच खेळलेले.

आम्ही घरी गेलो. वन्संनी पदर खोचला आणि त्या वयात टेबलाखाली शिरल्या. तिथून त्यांचा आवाज आला, "अगं, दिवा आण."

टेबलाच्या खालच्या फळीवर छकुलीच्या बँकेचा सगळा कारभार उमटला होता. दवाखान्याचा शिक्का, शाळेचा शिक्का, 'रद्द', 'रद्द', 'रद्द', आणि बँकेचे गोल. प्रत्येक गोलाच्या कडेला एक पांढरा ठिपका.

"कुठाय गं तो शिक्का?" मी छकुलीला विचारलं.

"हरवला. मी बालवाडीत होते तेव्हाच. मी तुला सांगितलं होतं, तू म्हणालीस, पसारा करतेस मग हरवतंच."

म्हणालेही असेन.

वन्सं बाहेर आल्या, केसांना जळमटं लागलेली. "ही रिळाची गोष्ट तू, मी, छकुली आणि मौनीबाबा, ह्यांच्यापलीकडे जायची नाही. बाळ्यालासुद्धा नाही. तो मित्राला सांगेल, नाहीतर भावाला."

"पण ह्या घरात तर तिघांचंही येणं-जाणं," मी म्हटलं. "भाऊजी, मौनीबाबा, सल्लागार. उचलला असेल कुणीही."

"म्हणून तर आता खेळायचं."

दुकानात जाऊन त्यांनी एक गोल शिक्का घेतला, त्याच्या मुठीवरची पितळी टिकली उपटून टाकली आणि दुकानातल्या तिघांना एकेकट्याने आत बोलावलं. कोरा कागद पुढे केला. "मार बघू शिक्का." ह्यांनी शिक्का उचलला, पालथा करून तोंडाकडे ओझरतं पाहिलं, मनगट वळवलं आणि मारला. ठसा सरळ. भाऊजींनी बोलता बोलता तेच केलं. मौनीबाबांनीही. पाहतोय हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. मी रोज पाहत आलेली गोष्ट, पण त्या दिवशी प्रथम दिसली.

वन्संनी पुन्हा खोट्या पावत्या उघडल्या. एक ठसा डावीकडे कललेला. एक उजवीकडे. दोन तर चक्क डोक्यावर उभे.

"आता खुलासा लिहायला घे," त्या म्हणाल्या. "उद्या मुदत संपते ना? अधिकाऱ्यांना मी सल्लागाराच्या ऑफिसात बोलावलंय. आणि धाकट्याला सांग, ते नवे बूट घालून ये म्हणावं."

५

सल्लागाराचं ऑफिस नीटनेटकं. कोपऱ्यात त्याच्याकडे कामाला असलेली एक तरुण टायपिस्ट बसायची. आम्ही आत शिरलो तशी तिने भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी बुटांकडे, आणि दुपारी कुठे जातात ह्याचं उत्तर मला न विचारता मिळालं. वन्सं माझ्या कानाशी कुजबुजल्या, "फोनवरसुद्धा ओळखलं असतं."

अधिकारी खुर्चीवर बसले. ह्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. खुलाशाचा कागद त्यांनी इतका घट्ट धरला होता की कडा चुरगळली.

"खोटा शिक्का आमच्या दुकानात बनला," वन्संनी सुरुवात केली.

हे दचकून उभेच राहिले. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. सल्लागार हळहळून म्हणाला, "अरेरे, धाकट्या..."

"थांबा. बनला आमच्याकडे, फसला म्हणून बाजूला पडला. तो वापरला कुणी, एवढाच प्रश्न आहे. पाकिटं तिघांच्या हातातून गेली. माझा धाकटा भाऊ, आमचे कारागीर आणि तुम्ही. बरोबर?"

"मी पैशाला हात..."

"लावत नाही. ऐकलं. साहेब, ह्या पावत्या बघा. एक तरी ठसा सरळ आहे? दोन तर उलटे आहेत. शिक्केवाला माणूस शिक्का मारताना आधी तोंड बघतो, उलटी अक्षरं वाचतो आणि सरळ करून मारतो. खोटं काम करतानाही त्याचा हात तेच करणार. सवय काही खरं-खोटं बघत नाही. काल मी दुकानातल्या तिघांना तपासलं, स्वतःच्या भावालासुद्धा." हे त्यांच्याकडे पाहतच राहिले. "हे ठसे अशा माणसाने मारलेत ज्याला उलटी अक्षरं वाचता येत नाहीत."

सल्लागार हसला, पण श्वास आधी घेतला. "ताई, बँकेतले कारकूनही वाकडेतिकडे मारतात. आणि मुद्दाम वाकडा मारला असेल धाकट्याने, आळ दुसऱ्यावर यावा म्हणून. हा काही पुरावा आहे?"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. बोलणं बरोबर होतं.

"तेही खरंच," वन्सं म्हणाल्या. त्या एकदम थकल्यासारख्या दिसल्या. "मग मला एकच कळत नाही. आमच्या प्रत्येक शिक्क्याच्या मुठीवर वरच्या बाजूला पितळी टिकली असते. ती बोटाला लागते, आंधळासुद्धा सरळ मारील. तुम्ही इतके शिकलेले, इतक्या वर्षांचे मित्र, तुम्हाला ती टिकली दिसली नाही? का मुद्दामच उलटे मारलेत, बाळ्याला जास्त शिक्षा व्हावी म्हणून?"

"मुद्दाम?" तो ताडकन उठला. "मी त्याचं वाईट चिंतीन? कसली टिकली, ताई! त्या रिळाला टिकली होती कुठे..."

आणि तो थांबला.

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "कसलं रीळ?"

"बघा साहेब," वन्सं हळूच म्हणाल्या, "मालकाला ठाऊक नाही. मी तर आत्तापर्यंत मूठच म्हणत आले. ह्यांना बरं रीळ माहीत."

सल्लागार खाली बसला. तेव्हा कोपऱ्यातली टायपिस्ट उठली. त्याच्या टेबलापाशी गेली आणि खालचा खण ओढला. क्लिपांच्या डबीमागे माझ्या शिवणाचं रीळ होतं, कडेला निळा दोरा अजून अडकलेला. नोटिसांची तीन पाकिटंही तिथेच.

"मला वाटायचं, मुलीचं खेळणं जपून ठेवलंय," ती म्हणाली.

तो ह्यांच्याकडे पाहत नव्हता. कुठल्याशा भागीदारीत त्याचे पैसे बुडाले होते. पहिल्या वेळी पुढच्या महिन्यात भरीन म्हणाला, आणि रविवारी टेबलाखाली बसल्या बसल्या ते रीळ हाताला लागलं. "एकदाच वापरणार होतो," तो म्हणाला. मग रडायला लागला. हेही रडले, आणि ते मला फार लागलं, कारण नोटीस आल्यापासून ते एकदाही रडले नव्हते.

बाहेर पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "बाळ्या, जन्मभर उलटी अक्षरं वाचलीस, आणि बाकावरचा सोबती नाही रे वाचता आला."

"तू माझीही परीक्षा घेतलीस," हे म्हणाले.

"पहिली तुझीच घेतली. तू पास झालास तेव्हा कुठे मला झोप लागली."

६

कर काही माफ झाला नाही. सरकारच्या दृष्टीने पैसे आलेच नव्हते. काही सल्लागाराकडून वसूल झाले, काही आम्ही हप्त्यांनी भरले, आणि माझ्या पाटल्या त्यात गेल्या त्या गेल्याच. पण फिर्याद ह्यांच्यावर झाली नाही. गाळा राहिला. ती टायपिस्ट पुढे माझी जाऊ झाली, आणि भाऊजींचे ते बूट तिने बरीच वर्षं टाकू दिले नाहीत. रविवारचा चहा मात्र ह्यांनी पुढे कधी घरी घेतला नाही. दुकानात एकटे जाऊन बसायचे.

जप्ती उठवल्याचा हुकूम घ्यायला आम्ही सगळेच गेलो होतो. अधिकाऱ्यांनी सही केली, शिक्का उचलला आणि दाणकन मारला.

हे, भाऊजी आणि मौनीबाबा तिघांच्याही कपाळाला एकदम आठी पडली.

"साहेब," हे भीत भीत म्हणाले, "उलटा पडलाय."

"चालतं हो, कोण बघतंय."

मला वाटलं, आता तरी हे गप्प बसतील. आत्ता कुठे सुटलो होतो. पण ह्यांनी हात पुढे केला. "चालत नाही, साहेब. द्या."

अधिकारी क्षणभर पाहत राहिले. मग हसून त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का ह्यांच्याकडे दिला. ज्या माणसावर खोट्या शिक्क्याचा आळ होता, त्याच्या हातात सरकारचा शिक्का. ह्यांनी तो पालथा केला, तोंडाकडे ओझरतं पाहिलं, मनगट वळवलं.

तो कागद अजून माझ्याजवळ आहे. एक ठसा डोक्यावर उभा, आणि त्याच्या शेजारी दुसरा, ह्यांच्या हातचा, रेषेत सरळ.